टायरांचा कौल

गाडी दारात आली तेव्हा सगळ्यांनी तिचा रंग बघितला. मी टायर बघितले.

यावरून मला घरात अजून ऐकून घ्यावं लागतं. "लोक नव्या गाडीला ओवाळतात, आमची बायको गाडीसमोर उकिडवी बसली," असं हर्षद येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. सांगू दे. जिच्या पदरात तीन वर्षांची मुलगी आहे, तिने रंग बघत बसायचं नसतं. रंगाने गाडी थांबत नाही.

गाडी लाल. दोन दारांची, बुटकी, पुढून बघितली तर रागावलेल्या बेडकासारखी. स्पोर्ट्स कार. नवी म्हणजे आमच्यासाठी नवी. मुंबईतल्या एका हौशी गृहस्थांनी घेऊन ठेवली होती, आणि आपल्याकडे रस्त्यांवर खड्डे असतात हे कळल्यावर विकून टाकली. हायवे रुंद करताना सासऱ्यांची भाताची जमीन गेली, तिचे पैसे आले. अशा पैशांतून लोक घर बांधतात, प्लॉट घेतात. माझ्या नवऱ्याने... असो. गाडीला मागची सीट आहे, पण तिच्यावर एक तर लहान मूल मावतं, नाहीतर नारळाचं पोतं. कंपनीने हे कुणाला डोळ्यांसमोर ठेवून केलं, देव जाणे.

तर टायर. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन साल. मला हे माहीत होतं, कारण सलोनी झाल्यापासून मी छापलेलं सगळं वाचते. बिस्किटाचा पुडा, तापाचं औषध, फुग्याच्या पाकिटामागची बारीक अक्षरं, सगळं. मी मान वाकडी करून आकडे वाचले, उभी राहिले, ओढणी झटकली आणि म्हणाले, "हे टायर सलोनीपेक्षा मोठे आहेत."

"असणारच की," हर्षद म्हणाला. "गाडीचे आहेत ते."

"वयाने. ती व्हायच्या दोन वर्षं आधी कारखान्यातून निघालेत. रबर कडक झालंय, नख रोवून बघ. हे बदलल्याशिवाय सलोनी या गाडीत पाऊल ठेवणार नाही. आणि नवे टायर मी निवडणार."

हे मी सासूबाई, शेजारच्या निशावहिनी आणि दुधाचे पैसे मागायला आलेला माणूस, एवढ्यांच्या साक्षीने बोलले. चार भिंतींत बोलले असते तर दोन दिवसांनी गुपचूप मागे घेता आलं असतं. आता शब्दावर माझी अब्रू टांगलेली होती.

सासूबाईंनी, म्हणजे ठकूबाईंनी, ती आणखी उंच टांगली. "येत्या मंगळवारी वाघजाईची पूजा हाय," त्या म्हणाल्या. "गाडी आदी आईच्या दारात न्हेवाची. आणि नात गाडीत बसून येल. मंग बगा तुमचं काय ता."

वाघजाई आमची गावदेवी. पोलादपूरच्या वर डोंगरात बोरीची कोंड म्हणून वाडी आहे, तिथे. आम्ही महाडात राहतो, पण आमचं सगळं महत्त्वाचं वर डोंगरात ठरतं.

दुसऱ्या दिवशी हर्षदने गाडी हायवेवरच्या सुनीलच्या टायरच्या दुकानात नेली, आणि मी सलोनीला घेऊन मागून रिक्षाने गेले. सुनील बाहेर आला, चाकाजवळ वाकला आणि त्याने रबराची जाडी बोटांनी मोजली.

"वहिनी," म्हणाला, "हा टायर हाय की बांगडी?"

त्याचंही बरोबर होतं. चाक एवढं मोठं आणि रबर एवढंसं, साडीला काळी किनार शिवावी तसं.

"या साइजचा मिळेल का?"

"आपल्याकडं नाय येत. टेम्पोचा हाय. थोडा दाबून बसवू."

मी सलोनीला जवळ ओढलं. टेम्पोचा टायर दाबून बसवलेल्या गाडीत माझं मूल. सुनीलला माझा चेहरा बघून दया आली असावी. त्याने मुंबईला दोन-तीन ठिकाणी फोन लावले आणि दोन तऱ्हेचे टायर नमुन्याला मागवून दिले. "दोन्ही घरी न्या, बघा, ठरवा, मग चार मागवतो," म्हणाला. त्याला वाटलं असेल, संध्याकाळपर्यंत ठरेल.

मधल्या काळात मी अभ्यास केला. टायर या विषयावर माणसाने किती लिहून ठेवलंय याची तुम्हाला कल्पना नाही. प्रत्येक टायरवर वेगाचं अक्षर असतं. आमच्या टायरवर वाय होतं. वाय म्हणजे ताशी तीनशे किलोमीटर. महाडहून ताशी तीनशेने निघालेला माणूस शिंक येऊन जाईपर्यंत माणगावात पोचेल, आणि माणगावात त्याचं एवढं तातडीचं काय काम असणार? पण अक्षर होतं खरं. हर्षद त्यावरून बोट फिरवायचा.

नमुने आले. एक जवळजवळ गुळगुळीत, हाताला चिकट लागणारा, शर्यतीच्या मैदानासाठी काढलेला. दुसऱ्यावर पाणी बाहेर फेकायला खोल खोल खाचा. सासूबाईंनी दोघांना हात लावून बघितला आणि बारसं करून टाकलं: हा कोरडा आणि हा ओला.

हर्षद कोरड्याच्या बाजूचा. मुंबईत असलेला माझा दीर हृतिकही त्याच बाजूचा. त्याने फोनवर मला समजावलं, "वहिनी, ट्रॅकवर हाच बेस्ट. एकदम गोंदासारखा चिपकतो."

"कुठल्या ट्रॅकवर? वीर स्टेशनच्या?"

"तसं नाय वहिनी..."

"ज्या गावात पावसाळ्यात नदी दुकानात येऊन गादीवर बसते, तिथे कोरडा टायर?"

"पण वर्षातले आठ महिने कोरडेच असतात," हर्षद मागून ओरडला.

"आणि चार महिने मी सलोनीला घेऊन होडीतून जाऊ?"

निशावहिनी भांडणाचा आवाज ऐकून वाटीभर साखर मागायला आल्या आणि साखर न घेता बसल्या. "टायर कुठलाही घ्या," त्या म्हणाल्या, "आत नायट्रोजन भरा. आमच्यांनी भरला तेव्हापासून त्यांची कंबर दुखायची थांबली." नायट्रोजन टायरमध्ये भरला होता की त्यांच्या यजमानांमध्ये, हे विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण रोज त्यांच्या गॅलरीत आमचे कपडे पडतात. 

हर्षदचे चुलते, येसाजीकाका, बोरीच्या कोंडीहून खास टायर बघायला आले. त्यांनी दोन्ही नमुने काठीने ठोकून बघितले. त्यांना दोन्ही आवडले नाहीत.

"नांगऱ्या टायर घे गो पोरी. टॅक्टरचा. चिखलात नाय, दगडात नाय, कुठं म्हणून अडाचा नाय."

"काका, ट्रॅक्टरचा टायर गाडीपेक्षा उंच असतो."

"मंग गाडी ल्हान हाय," काका म्हणाले आणि त्यांच्या बाजूने विषय संपला.

घरात दोन तट पडले. हॉलमध्ये दोन टायर पडून. सलोनी एकात बसून जेवायची आणि दुसऱ्यात बाहुलीला झोपवायची. मी आणि हर्षद एकमेकांशी फक्त टायरविषयी बोलत होतो, आणि सासूबाई मधे बसून लसूण सोलत होत्या. मंगळवार जवळ येत होता. शेवटी त्यांनी सोललेला लसूण बाजूला सरकवला.

"आईलाच विचारू," त्या म्हणाल्या. "कौल लावू."

ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगते. देवीच्या दोन्ही खांद्यांवर गुरव ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाय. लग्न, विहीर, आजारपण, जमिनीचा वाद, सगळं आमच्याकडे असंच सुटतं. मी बी.एस्सी. आहे. पण देवीने ओला सांगितला तर हर्षदचं तोंड कायमचं बंद होईल, हा विचार माझ्या मनात आला आणि मी शास्त्र जरा बाजूला ठेवलं.

मला वाटलं होतं, जायचं, पाकळ्या लावायच्या आणि यायचं. पण सरकारी कचेरीत काम लवकर होतं, कौलाचं होत नाही. धोंडू गुरवाने फोनवर सांगितलं, "वाहनाचा कौल हाय. चाकांचा वेगळा कौल नाय."

"नाही म्हणजे?"

"आजपातुर कुनी इचारला नाय. पयल्यांदा काय इचाराचं असंल तर दोनी मंडलं होय बोलली पायजेत. गावचं आणि मुंबयचं."

कोंडीतली निम्मी माणसं मुंबईत, त्यांचं तिथे मंडळ, आणि देवळाचा पत्रा त्यांनी घातलेला. त्यामुळे त्यांना विचारल्याशिवाय देवीलासुद्धा काही विचारता येत नाही. अध्यक्ष चंदूशेठ. हृतिक त्यांच्याच खोलीत राहतो, म्हणून बोलणं तरी झालं. फोन स्पीकरवर ठेवला.

"हे मॅटर अजेंड्यावर नाय," चंदूशेठ म्हणाले. "आज हर्षदला टायरचा कौल दिला, उद्या कोन वायपरचा मागंल. प्रोसिजर हाय की नाय?"

"मोबाइलच्या टावरचा लावला व्हता," येसाजीकाकांनी आठवण करून दिली.

"आणि देवी नाय बोलली. म्हनून रेंज देवळातल्या खांबाजवळच येतो. इचारलं नसतं तर सगळीकडं आला असता!"

दोन तास चर्चा झाली. कोरडा, ओला आणि प्रोसिजर या तीन शब्दांवर माणसं किती वेळ बोलू शकतात, ते मी त्या दिवशी शिकले. शेवटी परवानगी मिळाली, एका अटीवर: मुंबई मंडळ कौल लाइव्ह बघणार. गावावर त्यांचा विश्वास आहे, पण बघितलेलं बरं.

मंगळवारी आम्ही निघालो ते असे. पुढे हर्षद, एकटा, लाल गाडीत, गॉगल लावून. मागे रिक्षात मी, सलोनी, सासूबाई आणि दोन टायर, कारण स्पोर्ट्स कारच्या डिकीत स्वतःचा टायर मावत नाही. सासूबाईंनी "नात गाडीत बसून येल" हे रिक्षाला लागू करून घेतलं होतं. तेवढ्यापुरती त्यांनी माझी बाजू घेतली. ओला टायर माझ्या मांडीवर, कोरडा त्यांच्या.

हायवेवर हर्षद नाहीसा झाला. रिक्षावाला हळहळला, "काय पळतीय हो!" मग पहिला गतिरोधक आला, आणि हर्षद तिथे होता. गाडीचं पोट टेकू नये म्हणून तिरकी घालून, दार उघडून, खाली वाकून बघत, मुंगीच्या पावलांनी. आम्ही टुणकन उडून पुढे गेलो. "पप्पा, टाटा!" सलोनी ओरडली. पुढे तो पुन्हा आम्हाला मागे टाकून गेला, आणि पुढच्या गतिरोधकावर आम्ही त्याला. पोलादपूरपर्यंत सलोनीने बापाला इतक्यांदा टाटा केला की तिचा हात दुखायला लागला. कोंडीच्या चढावर तर तीन ठिकाणी माणसांनी पुढून उचलून गाडी दगडांवरून पार केली. ताशी तीनशेचं ते अक्षर बिचारं धुळीने भरून गेलं.

देवळासमोरच्या उतारावर गाडी उभी केली. उतार काही भयंकर नव्हता. वाटाणा ठेवला तर थोडा विचार करून मग घरंगळेल, इतकाच. तरी मी हर्षदला टायरांखाली दगड लावायला लावले. लावले म्हणजे चारही चाकांना, आणि मी प्रत्येक दगड पायाने ढकलून बघितला. अशा बाबतीत मी हयगय करत नाही.

आत नवा वाद. होय म्हणजे उजवी, आणि उजवी बाजू शुभ. मग प्रश्न कोरड्याचा विचारायचा की ओल्याचा? ज्याचा प्रश्न, त्याला उजवी. "हे बरोबर नाही," मी म्हणाले. "हो, बरोबर नाही," हर्षदही म्हणाला. कितीतरी दिवसांनी आमचं एकमत झालं. शेवटी देवीला कुठला प्रश्न विचारायचा, ते नाणं उडवून ठरवलं. मग कौलच कशाला लावायचा, असं माझ्या मनात आलं, पण धोंडू गुरवाने त्या नाण्यालाही हळद लावली होती, त्यामुळे बोलता येईना. हर्षद जिंकला.

रेंजच्या खांबाजवळ, नारळाला टेकवून फोन ठेवला. त्यात चंदूशेठ, हृतिक आणि खोलीत मावतील तेवढी मुंबईकर डोकी. "पंखा बंद करा," चंदूशेठ म्हणाले. पंखा बंद झाला. "त्या बाईंना जरा मागं घ्या, पाकळीला श्वास लागतोय." ती बाई म्हणजे मी. अपमान गिळून मागे सरकले.

धोंडूने गाऱ्हाणं घातलं. "आये वाघजाये, तुज्या लेकरानं गाडी घेतली हाय. तिला कोरडा टायर घातला तर लेकरांना सुखरूप न्हेशील-आनशील काय? न्हेशील तर उजवी दे."

"व्हय गे आये," सगळे म्हणाले. मुंबईहून थोडं उशिरा आलं, "व्हय गे आये."

पाकळ्या चिकटलेल्या. कुणी हलत नव्हतं. मी डाव्या पाकळीवर नजर रोवली. तिची कड जराशी सुटल्यासारखी वाटली. पड, पड गं बाई. हर्षद उजवीकडे बघत होता. आमच्या लग्नातसुद्धा आम्ही दोघं इतके एकाग्र नव्हतो.

इथे मला एक सांगायचंय. मी सलोनीवरची नजर हटवत नाही. झोपेतसुद्धा नाही. त्या पाकळीपायी हटवली. आणि तेवढ्यात बाहेरून येसाजीकाकांचा आवाज आला.

"आरं, गाडी निगाली!"

झालं होतं ते असं. कौल लागला की लगेच पूजा, म्हणून काका तयारीला लागले होते. नव्या गाडीच्या चारही चाकांखाली लिंबं ठेवायची असतात. ठेवायला गेले तर तिथे दगड. देवाच्या जागी दगड कोणी ठेवले म्हणून त्यांनी ते उचलून बाजूला केले आणि त्या जागी चार लिंबं मांडली. हँडब्रेक अर्धवट. कुंकू लावायला दार उघडं. आणि सलोनी आत चढून सीटवर उड्या मारत होती.

लिंबं फटाफट चिरडली आणि गाडी चालू लागली.

पळाली असं म्हणता येणार नाही. येसाजीकाका तिच्या बाजूने चालत होते. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला होता आणि बैलाला आवरावं तसं "हो, हो, हो राजा" म्हणत होते. राजा थांबत नव्हता. सलोनी स्टिअरिंगला धरून उभी, खिडकीतून सगळ्यांना टाटा करत होती. पुढे खळं, खळ्याचा दगडी काठ, त्याच्याखाली माणूसभर खोल शेत.

 मी पळाले. देवळाच्या पायरीला दोन टायर टेकवलेले होते, एक उचलला. एरवी मला भरलेला सिलिंडर जागचा हलवता येत नाही. टायर डोक्यावर घेऊन मी त्या गाडीला वळसा घातला, पुढे गेले आणि तिच्या तोंडासमोर फेकला. गाडीच्या खालच्या ओठाने टायर धरला, थोडा पुढे ढकलला, टायर खळ्याच्या दगडी काठाला जाऊन अडला, आणि "बुफ्" असा मवाळ आवाज करून सगळं थांबलं.

"आई," सलोनी म्हणाली, "परत!"

हर्षद पोचला. त्याने हँडब्रेक इतक्या जोरात ओढला की हातात येईल असं वाटलं. मग सलोनीला काढून घेतलं आणि खळ्यातच खाली बसला. गॉगल कपाळावर वाकडा.  सासूबाई आल्या, त्यांनी नातीला हात लावला, मग मुलाला, मग मला, आणि मग येसाजीकाकांकडे अशा नजरेने बघितलं की काका लिंबं गोळा करायला लागले.

आणि तेवढ्यात मागच्या रिकाम्या देवळातून आवाज यायला लागला.

"पडली! पडली! हॅलो! कोन हाय का तिथं? पाकळी पडली!"

आम्ही सगळे बाहेर पळालो होतो. देवीसमोर फक्त मुंबई मंडळ होतं.

धोंडू धावत गेला. दोन्ही पाकळ्या खाली. आधी कुठली पडली, ते फक्त फोनमधल्या माणसांनी बघितलेलं. चंदूशेठ म्हणाले उजवी. हृतिक म्हणाला उजवी, पण देवीची की आपली? फोनमध्ये उलटं दिसतं की सुलटं? मागचा एकजण म्हणाला, सेल्फीत उलटं दिसतं, व्हिडिओत नाय. चंदूशेठनी त्याला गप्प बसवलं. "देवीची उजवी! आम्ही पंधरा मानसं बघत होतो! कोरडा! ठराव झाला!"

तेवढ्यात येसाजीकाकांनी गाडीखालचा टायर ओढून काढला. त्यांना काहीतरी बरं बोलून सुटका हवी होती. "आणि ह्ये बगा! पोरीला आडवला कुनी? कोरड्यानंच!"

मी बघितलं. हाताला चिकट लागणारा, गुळगुळीत, कोरडा. मी आठवडाभर ज्याला नावं ठेवली तो. सगळी कोंड माझ्याकडे बघत होती. देवी कोरडा म्हणाली, मंडळ कोरडा म्हणालं, आणि मीसुद्धा ऐन वेळी कोरडाच उचलला होता.  खाचा आणि पाण्याचं शास्त्र माझ्या तोंडाशी आलं आणि तिथेच राहिलं. माझ्या शब्दाची किंमत त्या खळ्यात चिरडलेल्या लिंबाएवढी झाली होती.

हर्षद उठला. सलोनी त्याच्या कडेवर. तो देवळात रेंजच्या खांबाजवळ गेला. त्याने धोंडूच्या हातातून फोन घेतला.

"चंदूकाका, ओला."

"आरं पन उजवी..."

"माझी बायको, पूजा, म्हणते तो. तिने दगड लावायला सांगितले होते, दगड तिथे राहिले असते तर हे झालंच नसतं. ओला."

"हर्षद, मंडळाचा ठराव..."

हर्षदने फोन बंद केला.

बोरीच्या कोंडीत मुंबईचा फोन रेंज जाऊन बंद होतो. माणसाने बंद केल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. धोंडू देवीकडे बघायला लागला. बायका कुजबुजायला लागल्या. आता देवीचा कौल मोडणार म्हणजे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आमच्या घराचं काहीतरी वाईट होणार. मला आनंद व्हायला हवा होता आणि भीती वाटत होती.

ठकूबाई उठल्या. लुगड्याला लागलेली माती झटकली. "कोरड्यानं माजी नात वाचवली," त्या म्हणाल्या, "मंग तो गाडीला घालून धुळीत कशाला फिरवाचा? तो आईच्या दारात ऱ्हाईल. आईनं राखला, आईलाच वाहिला. गाडीला ओला घाला." आणि धोंडूकडे वळून म्हणाल्या, "हाय काय तुजं कायदा-पुस्तक ह्याच्यावर?"

 धोंडूने कोरड्या टायरला हळद लावली, कुंकू लावलं, वर एक फूल ठेवलं. "व्हय गे आये," तो म्हणाला. सगळे म्हणाले. संध्याकाळच्या आत पोरांनी त्याला दोरी बांधली आणि देवळामागच्या फणसाला झोपाळा केला. पहिला झोका सलोनीने घेतला. दोरीची गाठ मी तीनदा तपासली.

सुनीलला सांगणं अवघड गेलं. "नमुन्याचा एक टायर कुठं हाय?" त्याने विचारलं. "देवीला वाहिला," हर्षद म्हणाला. सुनीलने भक्तीने हात जोडले, आणि मग त्याच हातांनी कपाळ बडवून घेतलं. पण ओले चार बसवले त्याने. सुंदर बसवले. मी प्रत्येकाचे आकडे वाचले. सगळे सलोनीपेक्षा लहान होते.

त्याच दुपारी आम्ही तिघं पहिल्यांदा गाडीत बसलो. सलोनी मागे, तिच्या खुर्चीत, पट्टे आवळून. मी पुढे. हायवे मोकळा, कोरडा ठणठणीत, आणि माझ्याखाली पावसासाठी काढलेले चार टायर. हर्षदने गाडी सुरू केली. काळजाला हात घालणारा आवाज झाला. आणि मग गाडी चालू लागली. म्हणजे, येसाजीकाका बाजूने चालू शकले असते अशी.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. सलोनी आहे मागे."

एक सायकल आम्हाला मागे टाकून गेली. मग स्कूटीवरच्या दोन मुली. मग कोंबड्यांचा टेम्पो. जाळीतल्या सगळ्या कोंबड्या मान काढून आमच्याकडे बघत गेल्या. हर्षदने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं होतं, मान पुढे, गॉगल नाही. खळ्यात बसलेला हर्षद अजून पुरता उठलाच नव्हता.

"पप्पा," मागून सलोनी म्हणाली, "आपण थांबलोय?"

मी मागे वळून तिचे पट्टे तपासले. पुन्हा तपासले. पुढचा रस्ता बघितला: सरळ, रुंद, रिकामा. आरसा बघितला. तोही रिकामा. टायरांचा विचार केला. मी निवडलेले टायर.

"हर्षद," मी म्हणाले, "त्या कोंबड्या आपल्याला हसतायत."

"हसू देत."

"मी नाही हसू देणार. दाब."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्याने दाबलं.

पाठ सीटला चिकटली. टेम्पो जवळ आला, बाजूला आला, मागे गेला. कोंबड्या, स्कूटीवरच्या मुली, सायकल, सगळं महाड मागे गेलं. टायरांनी रस्ता असा धरून ठेवला होता की वाटावं, आपण उडत नाही आहोत, रस्ताच खालून ओढला जातोय. आणि त्यात कुणीतरी जोरात, खुशीने, लाज सोडून किंचाळलं.

गाडीत असं ओरडायचं नाही, हे सलोनीला मी कितीदा सांगितलंय. मी रागावायला मागे वळले.

ती ओठांवर बोट ठेवून माझ्याकडे बघत होती.